शब्दचर्चा : 'धूरगाळणी' की 'उत्प्रेरक परिवर्तक'?

प्रश्न : गाड्यांवरच्या एका लेखात मी लिहिलं, 'इंजिनात पेट्रोल पूर्ण जळत नाही, उरलेलं धूरगाळणीत अडकतं.' संपादक म्हणतात, धुराच्या वाटेवरच्या त्या डब्याला उत्प्रेरक परिवर्तक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) लिहा. वाचक पळून जाईल ना?

– गाळणी नकोच. गाळणीत काहीतरी अडकून राहतं. डिझेल गाडीत काजळी धरून ठेवणारा फिल्टर असतो, त्याला खुशाल गाळणी म्हणा. इथे वायू आरपार जातात आणि जाताजाता बदलतात. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या हायड्रोकार्बनचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन. म्हणजे 'परिवर्तक' चपखल आहे. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे त्यातले उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्च न होता रासायनिक क्रिया घडवून आणणारे धातू.

– गॅरेजात 'परिवर्तक आणा' म्हणून बघा! तिथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं लघुरूप 'कॅटकॉन'च चालतं. लेखात एकदा दोन्ही द्या, पुढे कॅटकॉन वापरा.

– माझा आक्षेप 'पूर्ण जळत नाही'वर आहे. तापलेल्या पेट्रोल इंजिनात इंधनातली साधारण 95 ते 98 टक्के ऊर्जा ज्वलनातून मोकळी होते. वाया जाते ती त्यानंतर, रेडिएटर आणि सायलेन्सरमधून, उष्णता म्हणून. 'ज्वलन अपूर्ण' आणि 'कार्यक्षमता कमी' या वेगळ्या गोष्टी आहेत. उरलंसुरलं इंधन कॅटकॉनमध्ये जळतं खरं, पण ती उष्णता चाकांना मिळत नाही. त्यामुळे त्याने मायलेज वाढतं असं कृपया लिहू नका.

– शिवाय नायट्रोजन ऑक्साइड हा अर्धवट जळण्याचा दोष नव्हेच. सिलिंडरमधल्या प्रचंड तापमानाला हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनला ऑक्सिजन द्यायचा, नायट्रोजन ऑक्साइडांकडून काढून घ्यायचा, ही दोन्ही कामं एकाच डब्यात व्हायला वजनाने 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल हे प्रमाण जवळजवळ काटेकोर लागतं. ते ऑक्सिजन सेन्सरच्या भरवशावर सांभाळलं जातं. आणि डबा अडीच-तीनशे अंश सेल्सियसपर्यंत तापेपर्यंत फारसं काही करत नाही. गार इंजिन सुरू केल्यावरचा धूर सर्वांत घाण असतो तो म्हणून.

प्रश्नकर्ती : 'गाळणी' खोडली. 'शिसेविरहित पेट्रोल' हा शब्द याच संदर्भातला का?

– हो. 1 एप्रिल 1995 पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटकॉन सक्तीचा झाला, तेव्हा पंपावर 'अनलेडेड'ची पाटी आली. शिसं त्या धातूंवर थर धरून त्यांना निकामी करतं. रसायनशास्त्रात याला उत्प्रेरकाची 'विषबाधा'च म्हणतात, तो शब्द बिनधास्त वापरा.