३ एकर कोरडवाहूत सेंद्रिय की बायोडायनॅमिक? लहान शेतकऱ्याला परवडतं का?

पऱ्हाटीवाला:
नमस्कार मंडळी, यवतमाळकडं ३ एकर कोरडवाहू आहे, काळी जमीन, कपाशी आणि तूर घेतो. घरी १ गाय, बैलजोडी. खत-फवारणीचा खर्च वाढतच चाललाय आणि कृषी केंद्राची उधारी कापूस विकल्याशिवाय फिटत नाही. सेंद्रिय करावं म्हणतो, पण एक पाहुणे म्हणतात बायोडायनॅमिकच करा, म्हणजे सेंद्रियच, पण वर गाईच्या शिंगात शेण भरून पुरायचं वगैरे. त्यानं खरंच फरक पडतो का?

काळीमाती:
भाऊ, सेंद्रियचा फायदा आधी उधारी कमी होण्यात दिसतो. जीवामृताला, म्हणजे घरीच आंबवून केलेल्या पातळ खताला, २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती लागते, एवढ्यात एकर होतो. पावसानं दगा दिला तरी दुकानदाराचं बिल डोक्यावर नसतं, आपल्यासारख्यांना हेच सगळ्यात मोठं. पण पहिली २-३ वर्षं कापूस कमी येतो, लगेच भरघोस पिकेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तिन्ही एकर एकदम बदलू नका, आधी १ एकर घ्या, त्यात तूर-मूग-ज्वारी मिश्र पेरा, घरचं खाणं तरी विनाऔषधाचं होईल.

निमाडकर:
शिंगखताचं सांगतो. आमच्या मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यात कसरावदजवळ २००७ साली प्रयोग सुरू झाला, काळ्या जमिनीतच, कापूस-सोयाबीन-गहू, रासायनिक, सेंद्रिय, बायोडायनॅमिक सगळं शेजारी शेजारी. सुरुवातीच्या वर्षांत सेंद्रियला कापूस-गहू कमी आला, सोयाबीन जवळपास बरोबरीत आणि खर्च कमी. साधं सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक यांच्या उत्पन्नात म्हणावा असा फरक नव्हता. शिंगखताला पैसे फार लागत नाहीत, नवरात्राच्या सुमारास पुरायचं, चैत्रात काढायचं, एकरी २५ ग्रॅम पाण्यात तासभर ढवळून शिंपडायचं. मन असेल तर जरूर करा, पण त्याआधी उकिरडा सावलीत घ्या, ओल धरा, शेणखत नीट कुजू द्या, खरी ताकद तिथंच आहे.

बांधावरून:
भावाचं कोणी बोललंच नाही. सर्टिफिकेट नसेल तर व्यापारी सेंद्रिय कापूसही साध्याच भावानं घेतो. एकट्यानं सर्टिफिकेट काढणं झेपत नाही, म्हणून पीजीएस, म्हणजे गटानं सर्टिफिकेट घ्यायची सरकारी पद्धत बघा, गावातले किमान ५ शेतकरी गट करून एकमेकांची शेतं तपासतात. पण बीटी, म्हणजे बोंडअळीसाठी जनुक बदललेलं बियाणं त्यात अजिबात चालत नाही आणि शेजाऱ्याची फवारणी उडून येऊ नये म्हणून बांधालगत पट्टा सोडावा लागतो, ३ एकरात तो टोचतो.

पऱ्हाटीवाला:
सगळ्यांचे आभार. मग १ एकरच घेतो. पण बिगर बीटी बियाणं आणायचं कुठून, दुकानात तर सगळं बीटीच दिसतं?

काळीमाती:
अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठात देशी कपाशीच्या एकेए वाणांची चौकशी करा, नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेचं मूळ सूरज वाण पण बिगर बीटी आहे. पेरणीच्या तोंडावर नका जाऊ, उन्हाळ्यातच विचारून ठेवा.