पहिली ओळख कुणाची काढावी?

रेघोट्या (धागाकर्ती)
एखाद्या शहराच्या चित्रकारांच्या वर्तुळावर संशोधन करायचं तर आत शिरायचं कुठून? माझं मत स्पष्ट आहे: गॅलरीमालक, क्युरेटर, समीक्षक या बड्या मंडळींपासून अजिबात सुरुवात करू नये. मी ती चूक करून बसले. मार्गदर्शकांनी एका वजनदार गॅलरीमालकांच्या नावे चिठ्ठी दिली, त्यांनी चार फोन फिरवले आणि आठवड्यात अकरा मुलाखती झाल्या. मी हवेत! मुलाखती उतरवून काढायला बसले तेव्हा लक्षात आलं, अकराही जणांची प्रदर्शनं त्यांच्याच गॅलरीत झालेली. मालकांचा विषय निघाला की सगळे रेकॉर्डरकडे बघून बोलत होते.

मग मी उद्घाटनांना जाणं सोडलं आणि प्रदर्शन उतरवायच्या दिवशी जाऊ लागले. उद्घाटनाला प्रत्येकजण तुमच्या खांद्यावरून पलीकडे बघत बोलतो, कुणी महत्त्वाचं आलंय का ते. उतरवायच्या दिवशी हात कमी पडतात. बबलरॅप धरा, खिळे उपटा, भोकांत लांबी भरा. न विकलेलं चित्र गुंडाळताना माणूस जे बोलतो ते मुलाखतीत बोलत नाही.

सांदीकोपरा
असहमत. चिठ्ठी वाईट नसते, एकच चिठ्ठी वाईट. समाजशास्त्रज्ञ विल्यम फूट व्हाइट बॉस्टनच्या नॉर्थ एंड या इटालियन वस्तीचा अभ्यास करायला आधी स्वतःच्या हिमतीवर घुसायला गेला. कुणीतरी सुचवलं म्हणून हॉटेलात अनोळखी टेबलाशी जाऊन बसायला निघाला, तर जिन्यावरून खाली फेकायची धमकी मिळाली. पुढे 1937 मध्ये तिथल्या एका समाजसेविकेने 'डॉक' नावाच्या नाक्यावरच्या टोळक्याच्या म्होरक्याशी गाठ घालून दिली तेव्हा कुठे दार उघडलं. कुणीतरी हात धरावाच लागतो.

तुमची खरी गफलत साखळीच्या उगमाशी आहे. 'स्नोबॉल' पद्धतीवर (एकाने पुढच्यांची नावं सुचवायची, त्यांनी त्यांच्या पुढच्यांची) संख्याशास्त्रज्ञ लिओ गुडमनने 1961 मध्ये लिहिलं, त्यात पहिला संच यादृच्छिक (रँडम) निवडलेला होता. आपण सगळे तेवढंच सोयीस्करपणे विसरतो आणि एका फोनवरून साखळी लावतो. एकमेकांशी बोलणं टाकलेल्या तीन-चार लोकांपासून सुरुवात करा, मग त्यात एक गॅलरीमालक असला म्हणून बिघडलं कुठे?

उंबरठा
मला दोघांच्याही आधीचा प्रश्न पडलाय. रेघोट्या, न विकलेलं चित्र गुंडाळताना जो बोलला, तो मदतीला आलेल्या मुलीशी बोलला की संशोधकाशी? संमतीपत्रावर सही घेतली होती का? नसेल तर हे बबलरॅपच्या आडून कान टवकारणं झालं. ते गॅलरीमालक परवडले, त्यांना निदान माहीत होतं तुम्ही कोण ते.

रेघोट्या
लागलं. पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं, पण तिसऱ्या आठवड्यात कुणाच्या लक्षात राहतं? म्हणून वापरायचं प्रत्येक वाक्य त्या त्या माणसाला परत वाचून दाखवलं. एकीने सगळ्यात धारदार वाक्यावर काट मारली. ते गेलं. अजून हळहळते, पण गेलं.

काचकागद
फ्रेमवाल्याचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? दोन गट एकमेकांचं तोंड बघत नसले तरी चौकटी एकाच दुकानातून करून घेतात. कुणाची चित्रं अचानक मोठी झाली, कुणाचं बिल थकलंय, सगळं त्याला ठाऊक. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरचा 1973 चा निबंध हेच सांगतो: ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम 16.7 टक्क्यांची ती ओळख नेहमीच्या भेटीतली होती, 27.8 टक्क्यांची क्वचित भेटीतली. घट्ट मैत्रीतली माणसं तुम्हाला आधीच माहीत असलेल्यांकडेच पाठवतात.

अवांतर: नावं बदलणं हा या क्षेत्रात विनोद आहे. 'पत्र्याची भलीमोठी शिल्पं करणारी, पूर्वी शिक्षिका' एवढं लिहिलंत की अख्खं शहर ओळखतं. उलट काहीजण रागावतात, माझं नाव का नाही घातलं म्हणून!

सांदीकोपरा
फ्रेमवाल्याबद्दल +१. पण बिल थकल्याचं त्याने सांगितलं आणि तुम्ही छापलंत, तर गिऱ्हाईक त्याचं तुटणार, तुमचं नाही.

उंबरठा
हेच म्हणत होतो.

काचकागद
छापा कुठे म्हटलं? कुणाकडे जायचं ते कळतं एवढंच. छापायचं ते ज्याचं त्याच्याच तोंडून ऐकून.

रेघोट्या
ते मान्य. आता एक अडचण: मालकांना वर्षभर तोंड दाखवलेलं नाही आणि प्रबंधात त्यांच्यावर अख्खं प्रकरण आहे. जायचं कसं?

सांदीकोपरा
रिकाम्या हाताने जाऊ नका. त्यांची स्वतःची मुलाखत उतरवून काढलेली असेल ना? ती छापून न्या आणि दुरुस्त्या मागा. स्वतःचं बोलणं तपासायला नाही म्हणणारा गॅलरीमालक मी तरी अजून पाहिला नाही.