मदत हवी आहे : आईच्या ओठाची बायप्सी करावी का?

अबोली७७: सोमवारी सकाळी बायप्सी ठरलीये आणि आई नाहीच म्हणतेय. कोरडेपणा डोळ्यांना आणि तोंडाला, मग ओठ कशाला कापायचा? कोणी केली आहे का? लवकर सांगा प्लीज.

रानवाट: आजार कोणता सांगितलाय? वय? रक्ताचे रिपोर्ट? शिर्मर, म्हणजे डोळ्यांतलं पाणी मोजायची कागदी पट्टी, केली का? काहीच लिहिलं नाहीत, सांगणार काय?

अबोली७७: सॉरी, घाईत होते. जोग्रेन असावं म्हणाले, प्रतिकारशक्ती लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवरच उलटते तो आजार. वय ५८. दोन वर्षं भाकरीचा एकेक घास पाण्याच्या घोटाबरोबर उतरवते. रक्तातली एएनए ही अँटीबॉडीची तपासणी पॉझिटिव्ह आहे, तेवढं पुरत नाही का?

कोकणकडा: सासूबाईंना हाच त्रास. रोज रात्री नाकात साजूक तुपाचे दोन थेंब, बराच फरक पडला. कापाकापीच्या नादी लागू नका.

रानवाट: तुपाने बरं वाटत असेल, पण ताई निदानाचं विचारताहेत. एएनए इतर आजारांतही पॉझिटिव्ह येतं. अँटी-रो, म्हणजे या आजारात बघतात ती नेमकी अँटीबॉडी, काय आलं?

सह्यगिरी: उच्चार शोग्रेन. स्वीडिश नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन, १९३३ चा प्रबंध.

जास्वंद: माझी बायप्सी तीन वर्षांपूर्वी झाली. खालच्या ओठाला आतून जीभ लावली की बारीक मणी लागतात ना, त्या लाळेच्या ग्रंथी. आजार तिथेच दिसतो, म्हणून ओठ. दाताला देतात तसं भुलीचं इंजेक्शन, पाच ग्रंथी काढल्या, दोन टाके. बाहेरून खूण नाही. चार दिवस मऊ वरणभात. पण टाक्याजवळ सहा महिने बधिर होतं, काहींचं कायम राहतं. हे आधी नक्की विचारून घ्या.

दंतकथा: लाळ कमी असली की दात भराभर किडतात. फ्लोराइडची पेस्ट वापरा, गोड चघळू नका.

अबोली७७: अँटी-रो निगेटिव्ह. शिर्मरची पट्टी ५ मिनिटांत ३ मिमीच भिजली, दोन्ही डोळ्यांत.

रानवाट: मग बायप्सी टाळू नका. या आजाराच्या २०१६ च्या निकषांत अँटी-रोला ३ गुण, बायप्सीला ३. शिर्मर, डोळ्यांचं स्टेनिंग (रंग टाकून तपासणी), लाळेचं मोजमाप, प्रत्येकी १. लागतात ४. तुमच्याकडे रो नाही, म्हणजे बायप्सी सोडून बाकी सगळं मिळूनही ३ च. रो पॉझिटिव्ह असतं तर शिर्मर धरून इथेच ४ झाले असते.

जास्वंद: ते निकष मुळात संशोधनासाठी आहेत, रानवाट. गुण मोजून कोणी माणसाला आजारी ठरवत नाही. ताई, आईंना कुठल्या गोळ्या चालू आहेत?

अबोली७७: मानदुखीसाठी रात्री ॲमिट्रिप्टिलिन, दीड वर्षापासून. आणि रक्त पातळ करणारी एक. त्याचा काय संबंध?

जास्वंद: फार संबंध आहे! पहिलीने तोंड सुकतं, दुसरीने टाक्यातून रक्त जास्त येऊ शकतं. आजच डॉक्टरांना फोन करा. आपल्या मनाने एकही बंद करू नका.

रानवाट: कोरडेपणा गोळीच्या आधीपासूनचा आहे, तेही सांगा. आणि रिपोर्टमध्ये फोकस स्कोअर आकड्यात मागा. ५० किंवा जास्त लिम्फोसाइट्सचा (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) पुंजका म्हणजे एक फोकस, ४ चौरस मिमीत असा किमान १ हवा. नुसतं ‘ग्रंथीला जुनी सूज’ लिहिलं तर उपयोग नाही.

अबोली७७: फोन झाला. गोळ्यांचं बघून उद्या कळवतो म्हणाले, कदाचित तारीख पुढे जाईल. जास्वंदताई, तुमचं सगळं आईला वाचून दाखवलं. ती विचारतेय, चहा कधीपासून चालेल?

जास्वंद: भूल उतरेपर्यंत नाही, ओठ भाजला तरी कळत नाही. मी दुसऱ्या दिवशी कोमट घेतला होता.