एमपीएससी सोडून बेघरांची सेवा : धाकट्या भावाला अडवू की नको?

भुसावळची ताई
माझा धाकटा भाऊ पुण्यात एमपीएससी करत होता. पूर्व निघाली, मुख्य तोंडावर आली आणि हा घरी परतला. आता दिवसभर स्टेशनबाहेरच्या बेघरांमागे. जखमा धुतो, नखं काढतो. परवा एका आजोबांच्या जटा कापल्या, आत काटेपिना आणि वाळलेला पाला निघाला. आजोबांनी त्याचं मनगट शेवटपर्यंत सोडलं नाही. त्याच्या मनाबद्दल मला शंका नाही. पण त्याच्या क्लाससाठी बाबांनी रावेरकडचं वावर गहाण टाकलंय. मी म्हणते, आधी पोस्ट काढ. तो म्हणतो, "ताई, माणूस आज कुडकुडतोय." दोघांचं बोलणं बंद आहे.

धुळेकर
भाऊ चुकतोय. खिचडी-चादर वाटून कोणी रस्त्यावरून उठत नाही. 2013 च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत दर 1 लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांचा कायम निवारा सांगितला होता. जळगाव शहर 2011 च्या जनगणनेतच साडेचार लाखांच्या वर होतं. म्हणजे किमान 400 जणांची सोय हवी. ती करून घ्यायला खुर्चीच लागते.

तापीकाठ
आणि त्या निवाऱ्यापर्यंत माणूस नेणार कोण? बोचकं चोरीला जाईल या धाकाने कित्येक जण तिकडे फिरकतच नाहीत. रोज जाणाऱ्याचंच ते ऐकतात. ताई, त्या आजोबांची मानसिक अवस्था ठीक नसेल तर भावाला 2017 चा मानसिक आरोग्य कायदा, कलम 100 दाखवा. स्वतःला सांभाळू न शकणाऱ्या अशा भटक्या माणसाला संरक्षणात घेऊन 24 तासांत सरकारी दवाखान्यात पोचवणं पोलिसांचं कर्तव्य आहे. त्यासाठी अधिकारी व्हावं लागत नाही, ठाण्यात जाऊन पाठपुरावा करावा लागतो.

धुळेकर
तापीकाठ भाऊ, तुनं म्हननं खरं शे. पण पाठपुरावा करणाऱ्याच्या घरची चूल कोण पेटवणार?

केळीबाग
मी शेतकरी. केळीचा भाव पडला की हप्ता चुकतो, व्याज थांबत नाही. बापाच्या वावरावर लेकाने पुण्य करू नये. कडू वाटेल, पण लिहितोच.

भुसावळची ताई
कलम 100 त्याला वाचून दाखवलं, लगेच ठाण्यात जायला निघाला. पण केळीबागवाल्या दादांचं बोलणं मनातून जात नाही. वावराचे हप्ते मी माझ्या पगारातून भरते म्हटलं, एकाच अटीवर : मुख्य परीक्षेला बसायचं. नाही निघाली तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. अट त्याने अजून मान्य केलेली नाही.