पिवळं लायकेन: नुसत्या रंगावर जाऊ नका
झाडाच्या सालीवरचं लायकेन (दगडफूल, म्हणजे बुरशी आणि शैवाल मिळून बनलेला जीव) पिवळं आहे म्हणजे ते झँथोरिया परायटिना याच जातीचं, असं एका पोस्टमध्ये म्हटलंय, ते पटत नाही. कँडेलारिया कॉनकलर ही दुसरी जातही पिवळीच असते आणि कधी कधी त्याच खोडावर शेजारी वाढते. भिंगातून कडा बघा. कँडेलारियाचे पसरट भाग जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंद, कडेला पिवळी भुकटी. झँथोरियाचे चांगले रुंद, भुकटी नाही, मधे बहुधा नारिंगी चकत्या. तरी शंका राहिलीच तर काढलेल्या कणभर तुकड्यावर (खोडावर नको!) पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाका. झँथोरिया लगेच गडद जांभळट लाल होतं, कँडेलारिया तसं होत नाही.

शिवाय सावलीतलं झँथोरिया करडं-हिरवट दिसतं, कारण त्याला पिवळा-नारिंगी रंग देणारं पॅरिएटिन हे रंगद्रव्य उन्हातच भरपूर बनतं. म्हणून ओळखीसाठी फोटो टाकाल तेव्हा त्यासोबत खोडाची बाजू आणि तिथलं ऊन जरूर लिहा.