घरखर्च आटोक्यात आणायचाय, ॲप नको, सोबत हवी आहे

सरळ मुद्द्यावर येते. आम्ही डोंबिवलीत राहतो, मी, नवरा, सासूबाई आणि आठवीतला मुलगा. दोघांच्याही नोकऱ्या आहेत, पगार वेळेवर होतात, घराचा हप्ता पगार झाल्या झाल्या कापला जातो, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दर महिन्याची गुंतवणूक) पण जाते, म्हणजे कागदावर सगळं व्यवस्थित आहे. पण वीस-बावीस तारीख आली की खात्यात खडखडाट आणि तिथून पुढचे दिवस क्रेडिट कार्डावर. बरं मोठं काही घेतलंय म्हणावं तर तेही नाही, गाडी नाही, परदेशवारी नाही, सोनं तर बघायलाही दुकानात जात नाही आता.

मग गेल्या महिन्याचं यूपीआयचं स्टेटमेंट काढून बसले. पानंच्या पानं! नमुन्यादाखल एका मंगळवारचं देते: शेअर रिक्षा, ऑफिसखाली चहा, परत चहा आणि क्रीमरोल, कुणाच्या तरी फेअरवेलचे २००, स्टेशनबाहेर भाजी १३०, परतीची रिक्षा, आणि घरी आल्यावर कोथिंबीर विसरली म्हणून दहा मिनिटांत आणून देणाऱ्या ॲपवर ऑर्डर. आता नुसती कोथिंबीर मागवली तर डिलिव्हरी चार्ज पडतो, तो वाचवायला दही, मग चिप्स, मग आईस्क्रीम, असं करत ३१२ रुपये. दहा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी. आणि हे फक्त माझ्या फोनचं. नवऱ्याच्या फोनमधून काय जातं ते त्यालाच ठाऊक, आणि मला वाटतं त्यालाही नसावं.

कृपया ॲप सुचवू नका, एक्सेल शीटपण नको, सगळं करून झालंय. एकटीने लिहायला घेतलेली वही दहा तारखेपर्यंत टिकते, मग एक दिवस राहून जातो, मग दोन, मग ती वही मुलाची रफ वही होते. मला असं वाटतंय की कुणीतरी आठवड्याला विचारणारं असेल तर होईल. तर विचारायचंय असं की नवऱ्याला या हिशोबात भांडण न होता कसं बसवायचं (तो म्हणतो, आता चहाचाही हिशोब देऊ का), कार्डाचे थकलेले चाळीसेक हजार आधी फेडू की दर महिन्याला थोडे थोडे, आणि इथल्या कुणाला एकमेकांना हिशोब सांगायची जोडी किंवा छोटा ग्रुप करायचाय का?

कोथरूडकर
चाळीस हजार थोडे थोडे अजिबात नको. बहुतेक कार्डांचा दर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे ४० हजारांवर महिन्याला १४०० व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे अजून २५२. तुम्ही खुशीत दोन हजार भरलेत तर मुद्दलातून जेमतेम साडेतीनशे कमी होणार. आणि लोकांना माहीत नसतं ते म्हणजे आधीची बाकी पूर्ण फिटत नाही तोवर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत, आज घेतलेल्या दह्यावर आजपासून मीटर चालू. एसआयपी दोन-तीन महिने थांबवा आणि कार्ड साफ करा. ४२ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर ठेवून एसआयपी चालवण्यात काय हशील?

वाळवण
+१. एसआयपी थांबवायची नसेल तर बँकेचं सोनेतारण कर्ज बघ, दर कार्डाच्या निम्म्याहूनही कमी असतो. फक्त कार्ड फिटल्यावर ते परत वापरायला काढलंस तर दोन्ही कर्जं डोक्यावर बसतील. आमच्या नात्यात झालंय.

जुनाजाणता
आमच्या वेळेला पगार रोख मिळायचा आणि आई गोदरेजच्या कपाटात पाकिटं करून ठेवायची, दूध, वाणी, शाळा, लाईट. पाकीट संपलं की संपलं. यूपीआयने वाट लावली आहे सगळ्यांची. नोटा काढा एटीएममधून आणि त्या वापरा, ग्रुप वगैरे काय करायचाय, घरातले पैसे चारचौघांत कशाला सांगायचे.

धागाकर्ती
काका, पाकिटं मीही करून बघितली. पण रिक्षावाल्याकडे सुट्टे नसतात, भाजीवाली म्हणते स्कॅन करा ना ताई, आणि पाकिटातली पाचशेची नोट तशीच राहते आणि फोन चालू राहतो. चारचौघांचं म्हणाल तर पटतं, पगार कुणालाच सांगायचा नाहीये.
@कोथरूडकर, व्याजाचा हिशोब नवऱ्याला वाचून दाखवला. गप्प झाला. थँक्यू.

मीनाक्षी_ठाणे
फोनमध्येच पाकीट करता येतं की. यूपीआय लाइट चालू कर. त्यात एका वेळी जास्तीत जास्त पाच हजार राहतात आणि एक पेमेंट हजारापर्यंत, पिन लागत नाही. दर सोमवारी ठरलेली रक्कम टाकायची, चहा रिक्षा भाजी सगळं त्यातून, संपलं की पुढच्या सोमवारपर्यंत जय महाराष्ट्र. फक्त ऑटो टॉप-अप बंद ठेव हं, नाहीतर पाकीट आपलं आपण भरत राहतं आणि उपयोग शून्य.

वाळवण
पण लाइटमधले छोटे खर्च बँकेच्या स्टेटमेंटमध्ये एकेक दिसत नाहीत, फक्त पैसे भरलेले दिसतात. हिला तर हिशोब हवाय ना? मी उलट सांगेन की नेहमीच्या यूपीआयनेच दे आणि रिमार्कमध्ये एक अक्षर टाक, कि किराणा, भा भाजी, बा बाहेरचं खाणं. महिनाअखेरीला शोधायला सोपं.

मीनाक्षी_ठाणे
अगं तिला चहाचा हिशोब नकोच आहे, चहाला वेसण हवी आहे. पंधरा रुपये कुठे गेले हे कळून काय करणार? आठवड्याला दीड हजार ठरवले आणि दीड हजारच गेले, बास, आत काय झालं विचारायचं नाही. लिहायचे ते मोठे.

धागाकर्ती
हे मला पटलं. वही बंद पडायची ती या चहा-रिक्षाच्या नोंदींनीच.

उमेदवाली
मी बचत गटांबरोबर काम करते, सातारा जिल्ह्यात, म्हणून ग्रुपबद्दल सांगते. गटाची पंचसूत्री असते, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि वेळच्या वेळी लेखे. तुम्हाला त्यातलं पहिलं आणि शेवटचं घ्यायचंय. बैठकीत नक्की काय होतं बघा: बायका गोलात बसतात, एकेकीचं नाव पुकारलं जातं, ती रक्कम पुढे ठेवते आणि तोंडाने आकडा बोलते, लिहिणारी लिहिते आणि लिहिलेलं परत मोठ्याने वाचते. ज्या बाईचे या आठवड्याला नाहीत तीही येते आणि सगळ्यांसमोर "नाहीत" म्हणते, मग पुढच्या खेपेला काहीतरी करून आणते. आमच्याकडे जे गट मोडलेत ते पैसे कमी पडून फार क्वचित, बैठका चुकायला लागल्या की सहा महिन्यांत गट संपतो. त्यामुळे दिवस आणि वेळ पक्की करा, आकडा लिहून टाकण्यापेक्षा बोला, व्हॉइस मेसेज चालेल. आणि दुसरीच्या खर्चावर शेरा मारायचा नाही. एकदा एका गटात एकीच्या पैठणीवरून कुजबुज झाली, त्यानंतर ती बाई खरे आकडे सांगेनाशी झाली.

अंतर्गत कर्ज मात्र तुमच्या ग्रुपमध्ये नकोच. ऑनलाइन ओळखीवर एक रुपया उसना नाही, स्टेटमेंटचे स्क्रीनशॉट नाहीत, बँकेचं नावही नाही.

सोमण_काकू
आमच्या बिल्डिंगमध्ये भिशी आहे, दहाजणी, पाच हजार महिना, चिठ्ठी निघेल तिला पन्नास हजार. सक्तीची बचत होते आणि चहापाणीही होतं. तुम्हाला सोबत हवी आहे तर भिशीच लावा की.

कोथरूडकर
भिशीबद्दल जरा जपून. अशा योजनांसाठी १९८२ चा चिट फंड कायदा आहे, पण सोसायटीतल्या भिशीचा कागद कुठे असतो? चौथ्या महिन्यात पन्नास हजार घेऊन कुणी घर बदललं तर बाकीच्यांनी कुणाकडे जायचं? शिवाय धागाकर्तीचं बावीस तारखेला खातं रिकामं होतंय, त्यात आणखी पाच हजारांची बांधिलकी म्हणजे ते पाच हजार कार्डावर जाणार. आधी कार्ड, मग पोस्टाची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव, शंभर रुपयांपासून उघडता येते.

सोमण_काकू
आमच्यात सगळ्या वीस वर्षं शेजारी आहेत हो. पण कार्डाचं म्हणताय ते खरंय.

लोकल_०८१२
नवऱ्याचं सांगतो, नवरा म्हणून. मला बायकोने पहिल्यांदा हिशोब विचारला तेव्हा मीही भडकलो होतो कारण विचारायची वेळ! कामावरून आलोय, बूट काढतोय आणि "परवाचे आठशे कसले?" दोन गोष्टींनी गाडी रुळावर आली. एक, दोघांना सारखा हातखर्च, त्यात कुणी कुणाला विचारायचं नाही, मी सिगारेट ओढेन नाहीतर ती कुर्ते घेईल. (सिगारेट सुटली ते वेगळं, हातखर्चात परवडेना.) दुसरं म्हणजे मागचा हिशोब काढायचाच नाही, फक्त पुढच्या आठवड्यात काय काय येणार आहे तेवढंच बोलायचं, रविवारी सकाळी पोहे खाताना, पंधरा मिनिटं. मागचं काढलं की कोर्ट भरतं. पुढचं काढलं की दोघं एका बाजूला असतो, समोर शाळेची फी असते.

धागाकर्ती
"कोर्ट भरतं" वाचून हसले, आमच्याकडे तर सासूबाई न्यायाधीश असतात! त्यांचंही सांगायचं राहिलं. त्यांची पेन्शन त्यांचीच आहे, त्यात मी कधी बोलत नाही, पण त्या प्रेमाने आणतात आणि मग ते घरात पडून राहतं, म्हणजे या मे महिन्यात गावाकडून ओळखीने ५० किलो लोकवन गहू मागवला, आमच्या वन बीएचकेमध्ये! कोठी किचनच्या ओट्याखाली मावेना म्हणून बाथरूमच्या दाराशी, तिथली ओल लागली आणि ऑगस्टमध्ये टोके. आता त्यांना बोलायचं कसं. आणि मुलाचं असं की तो माझा फोन घेऊन खाली जातो आणि पिन त्याला पाठ आहे.

उमेदवाली
गव्हाला एरंडेल चोळलं होतं का? उन्हं देऊन, थंड करून, एरंडेल लावून मगच भरतात. पण ओलीजवळ ठेवल्यावर त्यानेही काही होत नाही. पुढच्या वर्षी सासूबाईंना म्हणा आपण दोन घरांत मिळून एक पोतं घेऊ, त्यांचा मानही राहील आणि जागाही. आणि त्यांनाही रविवारच्या पोह्यांना बसवा. वर्षाचं धान्य भरणाऱ्या बाईला बजेट शिकवायची गरज नसते, उलट वर्षाचे खर्च त्यांनाच विचारा.

मीनाक्षी_ठाणे
मुलासाठी यूपीआय सर्कल बघ. तुझ्या खात्याला त्याचा फोन जोडायचा, त्याचं स्वतःचं खातं लागत नाही. एकतर त्याचं प्रत्येक पेमेंट तुझ्या मंजुरीने होईल, नाहीतर महिन्याची मर्यादा घालून मोकळं सोडायचं, ती जास्तीत जास्त १५ हजार, पण आठवीतल्याला पाचशे पुष्कळ झाले. आणि तो पिन आजच बदल बाई.

धागाकर्ती
पिन बदलला. घरात अबोला आहे, चालू दे.
काल रविवारी बसलो. नवऱ्याने स्वतःहून हातखर्चाचा आकडा सांगितला आणि तो मी धरला होता त्यापेक्षा कमी होता, मी काही बोलले नाही, पटकन मान्य केला. सासूबाईंना वर्षाचे खर्च विचारले तर त्यांनी बोटांवर मोजून अकरा सांगितले, विमा, घरपट्टी, शाळेचा रिक्षावाला दिवाळीत बोनस मागतो तो, चुलतभावाच्या मुलीचं लग्न, गॅस शेगडीचं सर्व्हिसिंग, मला यातले निम्मे आठवलेही नसते. बेरीज करून बाराने भागली तर महिन्याला साडेसहा हजार निघाले, जे आम्ही आजवर कधीच बाजूला काढले नव्हते. बावीस तारखेचं कोडं बरंचसं इथेच सुटलं. एसआयपी तीन महिने थांबवतोय.

आता ग्रुपचं. चार जणांपेक्षा जास्त नको. रविवारी रात्री नऊ, व्हॉइस मेसेज, फक्त दोन आकडे, ठरवले किती आणि गेले किती. पगार नाही, स्क्रीनशॉट नाही, उसनवारी नाही, शेरे नाहीत. कोण कोण येतंय?

वाळवण
मी.

लोकल_०८१२
मी आणि बायको एक धरा.

मीनाक्षी_ठाणे
मीपण. माझा तर ऑनलाइन साड्यांचा वेगळा धागा निघेल.

धागाकर्ती
झालं मग, तिघांनाही मेसेज करते. एक विचारायचं राहिलं, गणपतीची वर्गणी आणि नवरात्रातलं हळदीकुंकू हे त्या साडेसहा हजारांत धरायचं की महिन्याच्या खर्चात? यावरून काल सासूबाईंचं आणि ह्याचं जुंपलं होतं.

उमेदवाली
साडेसहातच धरा. दरवर्षी येतं ना.