शब्दचर्चा : एल्ड्रिच, रोगलाइक, कॉस्मिक हॉरर. मराठीत हे कसं बोलायचं?

एल्ड्रिच नावाचा एक गेम आहे, २०१३ चा, म्हणजे तसा जुनाच झाला आता. मायनर की गेम्स म्हणून दोघा भावांचा स्टुडिओ, डेव्हिड पिटमन आणि काईल पिटमन, त्यातल्या डेव्हिडनं आधी बायोशॉक २ या गेमवर काम केलेलं. ठोकळ्याठोकळ्यांचं जग, दिसायला माइनक्राफ्टच्या वळणाचं, पण आतमध्ये एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकी भयकथालेखकाच्या कथांमधली दैवतं आणि माशासारखी माणसं. सुरुवात एका लायब्ररीत होते, तिथली पुस्तकं उघडली की वेगवेगळ्या जगांत जाता येतं, आत मेलात की परत लायब्ररीत, हातातलं सगळं गेलेलं आणि पुन्हा आत शिरलात तर नकाशाच वेगळा. मला यावर मराठीत सविस्तर लिहायचंय आणि पहिल्याच वाक्यात चार शब्द आडवे आलेत: फर्स्ट पर्सन, रोगलाइक, कॉस्मिक हॉरर, आणि खुद्द गेमचं नाव. नाव बदलायचं नाहीये, पण वाचणाऱ्याला एल्ड्रिच म्हणजे काय ते एका मराठी शब्दात कळावं असं वाटतं. शिवाय परमाडेथ (मेलात की सगळं पहिल्यापासून) आणि रन (सुरुवातीपासून मरेपर्यंतची एक खेळी) हे दोन शब्द दर परिच्छेदात येणार. लोकांनो, सुचवा.

*

एल्ड्रिचपासून सुरू करतो. शब्द मूळचा स्कॉटलंडकडचा, सोळाव्या शतकापासून सापडतो, आणि त्याची फोड कशी करायची यावर अभ्यासकांत एकमत नाही. एक मत असं की पहिला भाग 'दुसरा, परका' या अर्थाचा आणि दुसरा भाग 'राज्य' या अर्थाचा, म्हणजे दुसऱ्या राज्यातलं, आपल्या जगातलं नसलेलं. हे मत बरोबर असो नसो, शब्द वापरला जातो तो याच अर्थानं.

आपल्याकडे जवळ येणारे शब्द भरपूर आहेत पण प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. भयाण हा जागेचा आणि वेळेचा शब्द, भयाण शांतता, भयाण माळ, भयाण रात्र. माणसाला कुणी भयाण म्हणत नाही. भेसूर हा चेहऱ्याचा आणि आवाजाचा, भेसूर हसणं, कुत्र्यांचं भेसूर रडणं. अघोरी म्हटलं की लगेच त्यामागे कोणीतरी मांत्रिक उभा राहतो, विधी येतो, म्हणजे करणारा माणूसच आला. (अघोर हा शब्द संस्कृतात 'जो घोर नाही तो', शंकराचं नाव, आणि मराठीत येईपर्यंत अघोर कृत्य म्हणजे भयंकर कृत्य, पूर्ण उलटा झाला.) अभद्र हा अपशकुनाकडे जातो, अभद्र बोलू नकोस. त्यामुळे एल्ड्रिचला एकच शब्द देऊ नका असं माझं म्हणणं. लेव्हलचं वर्णन करताना भयाण, प्राण्याच्या आवाजाचं करताना भेसूर, आणि मूळ अर्थ सांगायचा असेल तर अमानवी. अमानवीमध्ये 'आपल्यातलं नाही' हे बरोब्बर येतं.

*

मला कॉस्मिक हॉररबद्दल बोलायचंय, कारण हा शब्द चुकला तर सगळा लेखच चुकेल.

पहिली गोष्ट, कृपया 'वैश्विक भय' लिहू नका. पेपरांनी वैश्विक हा शब्द कधीच जागतिक या अर्थाला देऊन टाकलाय, वैश्विक मंदी, वैश्विक तापमानवाढ, त्यामुळे वैश्विक भय वाचलं की वाटतं कुठली तरी साथ आलीये. ब्रह्मांडीय लिहिलं तर ते पंचांगातलं वाटतं. आणि नुसतं भयकथा किंवा भुताटकी म्हटलंत तर वाचणारा वेगळ्याच गोष्टीच्या तयारीनं येणार, तो बिचारा हडळ शोधत बसेल.

आता हे वेगळं का आहे ते बघा. आपली भुतं घ्या, मुंजा, खवीस, समंध, हडळ, कोकणात देवचार, पाण्यातला गिऱ्हा. या प्रत्येकाला काहीतरी हवं असतं. मुंजाची सोडमुंज राहिलेली असते, कुणाची वासना अडकलेली, कुणाचा मान चुकलेला. आणि म्हणूनच त्यांच्याशी बोलता येतं, नारळ देता येतो, कोंबडं देता येतं, देवचाराला गाऱ्हाणं घालता येतं. तो गावाचा राखणदार आहे, रागावला तरी आपलाच आहे. म्हणजे भीती आहे पण तिच्यात देणंघेणं आहे, नातं आहे. लव्हक्राफ्टच्या त्या प्रचंड दैवतांना तुमच्याकडून काहीच नकोय. ती वाईट नाहीत, तुमच्यावर चिडलेली नाहीत, तुम्ही आहात हेच त्यांच्या गावी नाही. तिथे नारळ कुणाला द्यायचा? माझ्या मते कॉस्मिक हॉरर म्हणजे हेच, जिथे गाऱ्हाणं घालायला समोर कुणी नाही अशी भीती. मराठीत भीतीचे शब्द मोजता येणार नाहीत इतके आहेत, धडकी, धसका, धास्ती, कापरं, थरकाप, गाळण, पाचावर धारण, बोबडी, पण ते बहुतेक सगळे अंगाला काय झालं ते सांगतात. या भीतीत अंगाला काही होण्याच्या आधी डोक्यातला हिशेब मोडतो.

रसांच्या भाषेत बोलायचं तर यात भयानक एकटा नसतो, अद्भुतही असतो. भयानकाचा स्थायीभाव भय, अद्भुताचा विस्मय, आणि इथे दोन्ही एकाच क्षणी येतात. आणि ही जोडी आपल्याला नवी नाही हो, गीतेचा अकरावा अध्याय, विश्वरूपदर्शन. अर्जुनाला आनंदही होतोय आणि तो थरथरतोयही, एवढे डोळे, एवढ्या दाढा, आणि त्या दाढांत सापडून चुरडलेले आपलेच योद्धे. म्हणून मी 'विराट भय' सुचवतो.

*

विराट भय चांगलंय पण विश्वरूपाचं उदाहरण इथे लागू पडत नाही असं मला ठामपणे वाटतं. अर्जुनाला आधी दिव्य दृष्टी दिली जाते, म्हणजे बघता यावं याची सोय केली जाते, आणि भीती वाटल्यावर त्यानं विनवणी केली की देव परत सौम्य रूपात येतो, धीर देतो. ज्ञानेश्वर तर या अध्यायाच्या सुरुवातीलाच सांगतात की शांताच्या घरी अद्भुत पाहुणा आलाय, म्हणजे घर शांताचं आहे, शेवटी तिथेच यायचंय. लव्हक्राफ्टमध्ये दिव्य दृष्टी कुणी देत नाही, साध्या डोळ्यांनीच बघावं लागतं आणि बघणारा वेडा होतो. घरही नाही आणि यजमानही नाही.

म्हणून मला विराटपेक्षा अगम्य बरा वाटतो. अगम्य भय. संतांच्या अभंगांतून आपल्या कानावर असलेला शब्द, पोचता न येणारं, कळता न येणारं, आणि आकार मोठाच असला पाहिजे अशी अट नाही. अगम्यच्या जोडीला अगोचर नेहमी येतो, अर्थानं तोही चालला असता, पण बोलताना अगोचर म्हणजे नसत्या उचापती करणारं कार्टं, 'फार अगोचर आहे हा', त्यामुळे अगोचर भय लिहिलंत की अर्धे वाचक हसतील. तो नको.

*

'अगम्य भय'ला माझंही मत. शिवाय एक जोड देतो, मराठीत हा प्रकार अगदीच परका नाहीये. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या भयकथांवर लव्हक्राफ्टचा प्रभाव असल्याचं वाचक आणि अभ्यासक दोघंही सांगत आलेत, म्हणजे या भीतीचा वाचक मराठीत आधीपासून आहे, त्याला अगदी पहिल्यापासून समजावत बसू नका. आणि लव्हक्राफ्टचं नाव घेताना हेही लिहा की या माणसाच्या लिखाणात वंशद्वेष उघड आहे, परक्या माणसांची किळस आणि परक्या दैवतांची भीती त्याच्याकडे बरेचदा एकमेकांत मिसळते. नुसतं थोर थोर करून पुढे जाणं बरं दिसणार नाही.

*

आता रोगलाइक. देवनागरीत लिहिलं की पहिल्यांदा डोळ्यापुढे आजार येतो हे खरंय, पण त्याला इलाज नाही कारण तो विशेषनामावरून आलेला शब्द आहे. रोग हा १९८० चा गेम, मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोघांनी कॅलिफोर्नियात सांताक्रूझला असताना सुरू केलेला, नंतर केन अर्नोल्ड त्यात आला. स्क्रीनवर चित्रं नाहीतच, नुसती अक्षरं, तुम्ही म्हणजे ॲटचं चिन्ह आणि राक्षस म्हणजे इंग्रजीतली ए ते झेड मोठी अक्षरं. प्रत्येक वेळी भुयार नवं, मेलात की संपलं. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स या संगणक-प्रणालीबरोबर तो कॉलेजाकॉलेजात पोचला आणि मग त्याच्यासारखे इतके निघाले की 'रोगसारखा' हाच प्रकार झाला. २००८ मध्ये बर्लिनला असे गेम बनवणाऱ्या लोकांची परिषद भरली, तिथे खरा रोगलाइक कोणता याची लक्षणं ठरवली, त्यात आळीपाळीनं चाल आणि चौकटींची पाटी हीसुद्धा होती. त्या हिशेबानं एल्ड्रिच बसत नाही, कारण तो सलग चालतो आणि तुमच्या डोळ्यांतून दिसतो. पण नकाशा नवा आणि मरण पक्कं या दोन गोष्टी आहेत म्हणून लोक त्याला रोगलाइकच म्हणतात आणि माझ्या मते बरोबरच म्हणतात.

रोग (म्हणजे लबाड माणूस) या इंग्रजी शब्दाचं भाषांतर करून 'भामटा-छाप' वगैरे कुणी सुचवणार असेल तर आधीच सांगतो, नको. भामटा हे एका जमातीचं नाव आहे, इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं त्या लोकांवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. गेमच्या नावासाठी तो पुन्हा उगाळायची काहीच गरज नाही.

पण बाकीच्या शब्दांना आपल्याकडे फार सुंदर शब्द पडून आहेत आणि आपण ते वापरत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. रन म्हणजे डाव. डाव मांडला, डाव मोडला, या डावात बंदूक लवकर मिळाली, गेल्या डावात चावीसाठी सगळं घालवलं, सगळं नीट बसतं. रन लिहिलं की मराठी माणूस क्रिकेटमध्ये जातो. आणि परमाडेथसाठी कबड्डीकडे बघा. आपल्याकडे जुन्या खेळाचे तीन प्रकार होते, संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी जिवंत होतो. अमरमध्ये बाद झालेला बाहेरच जात नाही, फक्त गुण मोजतात. आणि गामिनीत एकदा बाद झाला की संपलं, संघातले सगळे बाद होऊन डाव संपेपर्यंत बाहेर बसायचं. म्हणजे मेलेल्याचं काय करायचं याचे तीन वेगळे नियम आणि तीन वेगळी नावं आपल्या मैदानावर तयार होती! चेकपॉइंटवाले, म्हणजे मेलात तरी मधल्या टप्प्यापासून पुन्हा खेळू देणारे गेम संजीवनी, परमाडेथवाले गामिनी. निदान एकदा वापरून बघा, कंसात अर्थ द्या, लोक उचलतील.

सेव्ह फाइलची कॉपी बाजूला ठेवून मेल्यावर परत चिकटवतात त्याला तर शब्द शोधायचीच गरज नाही. रडी खाणे.

*

गामिनी फार आवडलं, पण आजच्या किती जणांना माहितीये याची शंका आहे, मी 'कायमचं मरण' लिहून पुढे एकदा गामिनीचा उल्लेख करेन. डाव मात्र नक्की घेतो.

फर्स्ट पर्सनला 'प्रथमपुरुषी' चालेल का? कथेला प्रथमपुरुषी निवेदन म्हणतोच.

*

चालेल, चांगला आहे, आणि तुमच्या गेमपुरता तो महत्त्वाचाही आहे. वरून दिसणाऱ्या रोगलाइकमध्ये तुम्ही पाटी बघता, इथे तुम्हाला फक्त पुढचं दिसतं, पाठ उघडी असते, म्हणून सगळी मदार कानांवर येते. इथे मराठीचे दोन शब्द तुमचं अर्धं काम करतील, चाहूल आणि कानोसा. शत्रू दिसायच्या आधी त्याची चाहूल लागते, आणि तुम्ही ओणवं होऊन, कोपऱ्यावरून डोकावून कानोसा घेता. स्टेल्थ स्टेल्थ (लपतछपत खेळणं) करत बसू नका. आणि दर वेळी बदलणाऱ्या नकाशाला प्रोसीजरल वगैरे एकदा सांगून झालं की मग खुशाल चकवा म्हणा. रानात चकवा लागला की ओळखीची वाट ओळखीची राहत नाही, माणूस फिरत राहतो, आणि गंमत म्हणजे आपल्या सगळ्या भुतांत हा एकच असा आहे ज्याला चेहरा नाही आणि ज्याला बहुतेक वेळा काही नकोही असतं. वर देण्याघेण्याचं जे लिहिलंय त्याला हा चकवा जरासा अपवाद आहे, म्हणूनच तो या गेमला जवळचा.

एक मुद्दा मात्र शब्दांच्या पलीकडचा आहे आणि तुमच्या लेखात तो यावा असं मनापासून वाटतं. रोगलाइकमध्ये मेल्यावर सगळं जातं, फक्त कळलेलं राहतं. कुठला प्राणी किती अंतरावरून बघतो, कोण मरतो, कोणापासून नुसतं पळायचं. पुढच्यास ठेच मागचा शहाणा, इथे पुढचाही आपणच आणि मागचाही आपणच. लव्हक्राफ्टमध्ये याच्या बरोबर उलट, जितकं कळेल तितका माणूस वेडा होतो, शहाणपण हेच संकट. मग या दोन गोष्टी एका गेममध्ये घातल्या की काय होतं? एल्ड्रिचमध्ये पहिल्या काही डावांत भीती वाटते आणि मग ती हळूहळू आडाख्यात बदलते, त्या मासेमाणसांची चाल पाठ होते, अगम्य होतं ते गम्य होतं. काही लोक म्हणतात की म्हणून हा खरा कॉस्मिक हॉरर नाहीच. मला ते पटत नाही. उलट नवा नकाशा त्यासाठीच आहे, तुम्हाला प्राणी कळतात पण जागा कधीच कळत नाही, अर्धं अगम्य कायम शिल्लक ठेवलंय. २०१३ च्याच डिसेंबरमध्ये माउंटन्स ऑफ मॅडनेस नावाची फुकट भर आली, अंटार्क्टिकातली, ती खेळताना हे जास्त जाणवतं, ओळखीचे नियम आणि अनोळखी बर्फ.

*

हे सगळं धरून पहिलं वाक्य असं केलंय, बघा: 'एल्ड्रिच हा प्रथमपुरुषी रोगलाइक, प्रत्येक डावात चकवा नवा आणि मरण कायमचं, आणि त्यातली भीती भुताची नाही, अगम्याची.'

*

छान झालंय. फक्त 'अगम्याची' ऐवजी 'अगम्य भयाचा गेम' असं कुठेतरी एकदा पूर्ण येऊ द्या, नाहीतर कॉस्मिक हॉरर शोधत आलेल्याला जोड लागणार नाही. आणि रोगलाइकमधला इ ऱ्हस्वच ठेवा, लाइक, माइक, बाइक सारखा. अनेकवचनालाही रोगलाइकच, 'दोन रोगलाइक खेळलो', रोगलाइक्स नको.